हौदा किती फुटी?

नवी पिकअप घ्यायची आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी फक्त जुन्या गाडीचा फाळका सुतळीने बांधत होतो. शेजारचे आप्पा रस्त्याने चालले होते. ते थांबले, सुतळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग, कोणती घेताय?"

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळपर्यंत जी बातमी फिरली, तिच्यात माझी गाडी बुक झालेली होती, रंग पांढरा होता आणि हप्ते मला झेपणार नव्हते.

जुन्या गाडीबद्दल मला वाईट बोलवत नाही. हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा विनोद फार जुना झाला. आमच्या गाडीने त्यात सुधारणा केली आहे. तिचा हॉर्नही वाजतो, पण फक्त डावीकडे वळताना, आपण दाबलेला नसताना. लासलगावच्या लिलावात व्यापारी आमच्या हौद्यावर चढला की आधी कांदा बघत नाही, पाय कुठे ठेवावा ते बघतो. एकदा एकाच्या बुटासकट पत्रा खाली गेला. त्या दिवशी भाव मात्र बरा मिळाला, कारण पाय मोकळा होईपर्यंत त्याला बोली सोडून पुढच्या गाडीकडे जाता येईना. घरी आल्यावर आबा म्हणाले, "पत्रा बदलू नको. राहू दे तसाच."

माझी गरज साधी होती. कांदा लासलगावला न्यायचा, टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतला न्यायचे, येताना खताच्या गोण्या आणायच्या. एवढं करणारी आणि फाळक्याला खिट्टी असलेली कोणतीही गाडी मला चालणार होती. पण आमच्याकडे ज्याला गाडी घ्यायची असते, त्याचं मत शेवटी विचारतात, तेही चहा संपल्यावर.

सल्ला देणारे दोन प्रकारचे असतात, हे मला लवकरच कळलं. एक, ज्यांनी आधीच गाडी घेतली आहे. दोन, ज्यांना माझी मागून न्यायची आहे.

पहिल्यांपैकी आमचा चुलतभाऊ. त्याची गाडी महिन्यातून निम्मे दिवस मेस्त्रीकडे असते. उरलेले दिवस तो मेस्त्रीकडे असतो, बिलावर घासाघीस करत. तो म्हणाला, "दादा, डोळे झाकून माझीच घे. गाडी नाही, लक्ष्मी आहे."

"परवा चांदवडच्या घाटात बंद पडली होती ना?"

"घाटात कोणतीही पडते. हिचं वैशिष्ट्य म्हणजे बंद पडली तरी बाजूला घेऊन पडते."

त्याने स्वतःच्या पैशाने जे घेतलं, ते गावातल्या आणखी कुणीतरी घेतल्याशिवाय त्याला रात्रीची झोप लागणार नव्हती. मेस्त्रीचा सल्ला त्या मानाने सचोटीचा. तो जॅकखालून न निघताच म्हणाला, "भाऊ, जिचं काम मला येतं ती घ्या. बाकी जगातल्या सगळ्या गाड्या चांगल्या."

दुसऱ्या प्रकारचे लोक एका प्रश्नावरून ओळखता येतात. ते इंजिनाबद्दल विचारत नाहीत. ते विचारतात, "हौदा किती फुटी?" भजनी मंडळाला आठ फूट पुरत होते, पण मधे पेटी ठेवली तर पखवाजवाल्याचा डावा हात फाळक्याबाहेर जात होता. गणपती मंडळाला लांबीशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना रुंदी हवी होती, कारण यंदा मूर्ती बसलेली असणार होती. नाना नऊ फुटांवर अडून होते. त्यांच्या धाकटीच्या रुखवतात दिवाण होता. नाना मुद्द्याचे माणूस आहेत. त्यांनी स्वतः टेप आणला, जुन्या गाडीचा हौदा मोजला आणि मला म्हणाले, "हिच्यात दिवाण तिरका बसतो. पाहुण्यांत बरं दिसत नाही." मी म्हटलं, "नाना, मला कांदा न्यायचाय." त्यावर त्यांनी समजूत काढली, "कांद्याचं काय, तो कसाही बसतो."

पुण्याचा मेव्हणा या सगळ्यांच्या वरचा. तो आयटीत आहे, आणि शेती त्याला फार आवडते, विशेषतः ऑस्ट्रेलियातली. त्याने व्हिडिओ पाठवले. लाल मातीतून धुरळा उडवत एक गाडी जाते, मागे एक कुत्रं उभं असतं, गाडी नदीतून पार होते, कुत्रं कोरडं.

"दाजी, हायलक्स घ्या. २०२२ पासून आपल्याकडे मिळते. फोर बाय फोर. पाच सीट."

"कांदा कुठे टाकायचा?"

"मागे जागा आहे की."

जागा होती. कुत्र्यापुरती. किंमत तीस लाखांच्या वर होती. मी हिशेब केला तेव्हा असं निघालं की त्या गाडीतून नेलेला कांदा लासलगावात न विकता सोन्याच्या पेढीवर विकावा लागेल. तरी पुढचे काही आठवडे माझा मुलगा मला "पप्पा, फोर बाय फोर" एवढंच म्हणत होता. आमच्या शेतात नदी नाही. पाट आहे, त्याला पाळीचं पाणी येतं, आणि ते आलं की रात्री दोन वाजता मी स्वतः पायी त्यातून पार होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या गोंधळात निदान बजेट तरी ठरलं असेल. कांदा पिकवणाऱ्याचं बजेट दिल्लीत ठरतं. हे रडगाणं नव्हे, तारखा सांगतो. २०२३ च्या पावसाळ्यात भाव चढू लागला, तशी आमच्या ओट्यावर दोन टनी पिकअपची भाषा सुरू झाली. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. आम्ही दीड टनावर आलो. पुढे भाव पुन्हा सावरला, आम्ही शोरूमला जायचे कपडे इस्त्रीला टाकले, आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. त्या रात्री आबा म्हणाले, "छोटा हत्ती बघ." पाऊण टनाचा. जानेवारीत आम्ही जुन्या गाडीचे पाटे बदलण्यापर्यंत उतरलो. फेब्रुवारीत बैलगाडीचा विषय निघाला, तेव्हा मी उठून आत गेलो. ४ मे २०२४ ला बंदी उठली, आम्ही परत सव्वा टनावर. सप्टेंबरात शुल्क अर्ध्यावर आलं, दीड टन. १ एप्रिल २०२५ ला शुल्क शून्य झालं आणि आम्ही दोन टनांवर जाणार, तेवढ्यात सगळ्या जिल्ह्याचा उन्हाळ कांदा एकदमच बाजारात आला. मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि टन असा आलेख काढला होता. गणिताच्या सरांनी तो बघून विचारलं, हा शेअर बाजार का? तो म्हणाला, नाही, आमचं घर.

मधल्या उतरत्या काळात जुन्या बाजारातही फिरून झालं. सेकंडहँड पिकअप विकणाऱ्या माणसाच्या तोंडून आजवर कुणी 'मी गाडी वापरली' असं वाक्य ऐकलेलं नाही. ती नेहमी उभीच असते. एका गृहस्थांनी सांगितलं, "सिंगल हँड आहे. नुसती फुलं वाहिलीत हिच्यात. झेंडू." मी हौद्यात चढलो. कोपऱ्यात सिमेंटचा हातभर थर घट्ट बसला होता.

"हे काय?"

"कुंड्यांची माती असेल."

दुसऱ्याची गाडी एका गुरुजींनी वापरलेली होती. शाळेत जायला गुरुजींना पिकअप कशाला लागत होती, हे मी विचारलं नाही. मीटर फारच कमी दाखवत होता, पण क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून आरपार लोखंड दिसत होतं. गुरुजींचा पाय जड असावा.

मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ही बातमी वाचून जे वाचणार होते, ते पैसे आमच्या घरात त्याच दुपारी तीन जणांनी स्वतंत्रपणे खर्च केले. मुलाने टेप आणि लाइट. आईने तुळजापूर. आबांनी काही न बोलता विहिरीच्या मोटारीकडे बघितलं. गाडी अजून शोरूममध्येच होती, आणि स्वस्त झाल्यामुळे मला आधीपेक्षा महाग पडू लागली होती.

कर्जाचं सांगायलाच हवं. एका बँकेत साहेबांनी विचारलं, "वार्षिक उत्पन्न किती?"

मी म्हटलं, "भाव कोणत्या तारखेचा धरू?"

"म्हणजे?"

"ऑगस्टचा धरला तर मी तुम्हाला कर्ज देऊ शकतो. डिसेंबरचा धरला तर समोर बसायचीही लाज वाटते."

साहेबांनी इन्कमटॅक्सचं रिटर्न मागितलं. शेतीच्या उत्पन्नाला इन्कमटॅक्स नाही, म्हणून रिटर्न नाही. रिटर्न नाही म्हणून उत्पन्न दिसत नाही. उत्पन्न दिसत नाही म्हणून कर्ज नाही. मी सातबारा पुढे केला. साहेब म्हणाले, सातबाऱ्यावर ट्रॅक्टर देतो, पिकअप हा व्यवसाय झाला. म्हणजे कांदा ट्रॅक्टरमधून गेला की शेती आणि पिकअपमधून गेला की धंदा. कांद्याला हे माहीत नाही, तो दोन्हींतून सारख्याच भावात जातो. शेवटी एका खासगी फायनान्सवाल्याने तासाभरात मंजूर केलं. त्याने उत्पन्न विचारलंच नाही. त्याने फक्त घर कुठे आहे ते नीट बघून घेतलं.

सह-अर्जदार म्हणून बायकोची सही लागणार होती, म्हणून ती शोरूमला आली. मी आलो, कारण गाडी माझी होती. आबा, नाना, चुलतभाऊ, आप्पा, भजनी मंडळाचे दोघे आणि मेस्त्री का आले, हे त्यांना विचारण्याची माझी छाती झाली नाही. पुण्याचा मेव्हणा व्हिडिओ कॉलवर होता.

विक्रीचा पोरगा हुशार होता. टाय लावलेला. त्याने आल्या आल्या सगळ्यांत पांढऱ्या मिशीच्या माणसाला नमस्कार केला आणि खुर्ची दिली. ते आप्पा होते. पुढचा सगळा वेळ तो आप्पांनाच गाडी विकत होता, आणि आप्पाही "रंगात काय काय येतं?" वगैरे मन लावून विचारत होते.

मी मधे तोंड घातलं. "पासिंग किती?"

"सतरा क्विंटल, सर."

"म्हणजे बसतं किती?"

त्याने कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली. "कागदावर सतरा."

"आणि रस्त्यावर?"

"सर, रस्ता तुमचा."

आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जादा माल भरला तर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. हे सगळ्यांना पाठ आहे. पण पिकअप घेणारा माणूस पासिंग विचारतो ते पाळण्यासाठी नाही. किती मोडायचं याची सुरुवात कुठून करायची, ते कळावं म्हणून. खरी पंचाईत भुईकाट्यावर होते. एकाच पावतीवर व्यापाऱ्याला वजन जास्त दिसावं आणि आरटीओला कमी, असा काटा अजून कुणी काढलेला नाही. काढील तो आमच्या तालुक्यातून बिनविरोध निवडून येईल.

नंतर पोरगा इंधनावर आला. सीएनजीची टाकी दाखवली, तेव्हा नाना म्हणाले, दिवाणाची जागा गेली. विजेवर चालणारी दाखवली, तेव्हा आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हिला वीज कधी लागते?"

"आजोबा, रात्री चार्जिंगला लावायची."

"रात्री मोटारीची पाळी असते."

"मग दिवसा लावा."

"दिवसा वीज नसते."

पोरगा डिझेलकडे वळला. २०२० पासून नवे नियम आले, धूर कमी झाला, असं सांगत त्याने पुढे ठेवून दिलं की काही मॉडेलांना डिझेलबरोबर युरियाचं द्रावणही लागतं. सभेत शांतता झाली. युरियासाठी रांगेत उभी राहिलेली माणसं होती ती. चुलतभावाने हळूच विचारलं, "पिशवीतला चालेल का?"

"नाही सर. वेगळा मिळतो, कॅनमध्ये."

"आमचा निमकोटेड आहे. कीडसुद्धा लागणार नाही."

टेस्ट ड्राइव्हला रिकामी गाडी दिली. रिकाम्या पिकअपमध्ये बसल्यावर रस्त्यातला एकही खड्डा चुकत नाही, न आलेलेसुद्धा लागतात. मेस्त्री म्हणाला, "पाटे कळायचे तर भरून बघायला पाहिजे." पोरगा म्हणाला, भरून देता येत नाही. तेव्हा सगळे सल्लागार स्वतःहून हौद्यात चढले आणि शोरूमच्या आवारातच दोन चकरा झाल्या. मेस्त्री खाली वाकून पाट्यांकडे बघत पळत होता. गाडी तसूभरही दबली नाही. एवढे अनुभवी लोक चढूनही दबत नाही, याचा आप्पांना जरा राग आला.

परत आल्यावर पुन्हा तेच. आठ फूट की नऊ फूट, इंजिन कुणाचं चांगलं, पॉवर स्टिअरिंग, एसी हवा की नको. माझ्या आठवणीप्रमाणे एसीवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि बोलणाऱ्यांपैकी कुणीच केबिनमध्ये बसणार नव्हता. तेवढ्यात बायको खुर्चीवरून उठली. तोवर ती फक्त कागदांवर सह्या करत होती. सरळ गाडीच्या मागे गेली आणि फाळका पाडून उभी राहिली.

"जमिनीपासून किती उंच येतं हे?"

पोरगा खुलला. "मॅडम, ग्राउंड क्लिअरन्स..."

"ते नाही. पाटी भरून आणली तर कुठवर उचलायची?"

त्याने माहितीपत्रक पुढून चाळलं, मागून चाळलं. त्यात टायरच्या हवेपासून टेपच्या स्पीकरपर्यंत सगळं होतं. बाई पाटी घेऊन येणार, हे कागद छापणाऱ्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं. बायकोने हाताने मापलं. या गाडीचा काठ तिच्या हनुवटीला लागत होता. मग ती शेजारच्या गाडीकडे गेली, तिचा फाळका पाडला. छातीच्या खाली.

"ही घ्या," ती म्हणाली. "चार बाया दिवसभर भरणार. तुम्ही एसीचं काय ते बघत बसा."

आणि पिशवी उचलून ती बाहेर रिक्षाजवळ जाऊन उभी राहिली.

कुणी काही बोललं नाही. मग नाना म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." चुलतभाऊ म्हणाला, उंचीचा मुद्दा त्याच्या मनात घरूनच होता. मेव्हण्याचा कॉल मधेच तुटला होता, तो पुन्हा जोडून त्याने सांगितलं की ऑस्ट्रेलियातही हल्ली लोडिंग हाइटच बघतात.

कोणती गाडी घेतली, ते मी इथे सांगणार नाही. सांगितलं की तुम्हीही म्हणाल, थोडे थांबला असतात तर दुसरी मिळाली असती. पेढे द्यायला गेलो, तिथे प्रत्येक घरात पेढा तोंडात टाकून लोकांनी हेच सांगितलं. ताबा घ्यायच्या दिवशी शोरूमने गाडीवर साटीनचं कापड टाकलं होतं, केक आणला होता, आणि आमच्या हातात पुठ्ठ्याची पुरुषभर चावी देऊन फोटो काढला. आबांनी सीटखाली वाकून पाहिलं. "चावी एवढी मोठी दिली," ते म्हणाले, "पाना कुठाय?"

मागे काय लिहायचं यावर घरात मतदान झालं. ठरलं ते 'कुलदैवताच्या कृपेने'. पेंटर अक्षरावर पैसे घेतो हे कळल्यावर आबांनी काटछाट केली आणि नुसतं 'कृपा' उरलं. आता लासलगावच्या आवारात लोक मला विचारतात, कृपा म्हणजे मुलगी का? बायकोनेही एकदा विचारलं, पण वेगळ्या आवाजात.

गाडी बरी आहे. डावं दार आतून उघडत नाही. काच अर्ध्यावर येऊन विचार करते. भजनी मंडळ एकदा नेऊन आणलं, पखवाजवाल्याचा हात अजूनही बाहेर जातो. नानांचा दिवाण तिरकाच बसला.

परवा आप्पा आले. खाटेवर बसले, चहा घेतला, आणि बराच वेळ गाडीकडे बघून म्हणाले, "पोरगा पिकअप घ्यायची म्हणतोय. तुझा अनुभव काय?"

"आप्पा, डोळे झाकून हीच घ्या."

"तक्रार काही?"

"नावाला नाही."

तेवढ्यात मुलगा गाडीतून उतरायला निघाला, डावं दार आतून ढकलू लागला, मग काचेतून हात बाहेर काढून त्याने बाहेरची कडी शोधली.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते मुद्दाम तसं दिलंय," मी म्हटलं. "सेफ्टी."